मुक्काम सातारा

"ये की एकदा," असं साताऱ्याचा मित्र फोन ठेवताना म्हणतो, आणि "नक्की, पुढच्या महिन्यात" असं आपण म्हणतो. पुण्यापासून सातारा 110 किलोमीटर. स्वारगेटला विनाथांबा एसटीत बसलं तर अडीच-तीन तासांत पोचता येतं. तरी वर्षं जातात. घोडं अंतरापाशी अडत नाही, 'आलोच आहोत तर'पाशी अडतं. आलोच आहोत तर कास बघू, ठोसेघर उरकू, सज्जनगडाला पाय लावू, मुलं म्हणतायत तर महाबळेश्वरही करू. यादी वाढली की दोन दिवस पुरत नाहीत आणि तीन दिवसांची रजा मिळत नाही. समजा गेलोच, तर मित्राचं घर लॉज होऊन बसतं. रात्री नऊला येऊन झोपायचं, सकाळी सातला चहा घेऊन निघायचं, आणि जाताना "तुझ्याशी बोलणं राहूनच गेलं बघ" असं म्हणायचं.

साताऱ्यात मित्र असेल तर दोन दिवसांत कृष्णाकाठची दोन-तीन गावं आणि तो मित्र, एवढं नीट होतं. त्यापलीकडचं काही होत नाही, आणि झालं तर एकमेकांच्या जिवावर होतं.

कुठला शनिवार-रविवार धरायचा हे कॅलेंडरवर लाल काय आहे त्यापेक्षा मित्र कुठे नोकरी करतो यावर ठरवावं. बँकेत असेल तर महिन्याचा दुसरा किंवा चौथा शनिवार, बाकीच्या शनिवारी बँक चालू असते. शिक्षक असेल तर शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराच्या सुमारास तो मोकळा होतो आणि दुपारनंतरचा वेळ आपला. एमआयडीसीतल्या कारखान्यात असेल तर साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं नाही, आणि असली तरी आदल्या रात्री पाळी असू शकते. दुकानदार असेल तर विचारूच नये, त्याच्या गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसावं. गप्पा तिथे घरापेक्षा चांगल्या होतात, कारण दर दोन मिनिटांनी गिऱ्हाईक येतं आणि विषय बदलायची सोय होते.

जाण्याची वेळ महत्त्वाची. शनिवारी सकाळी पुण्याहून निघणारा प्रत्येक जण महाबळेश्वर-पाचगणीला निघालेला असतो. खेड शिवापूरच्या नाक्यापासून सुरूर फाट्यापर्यंत आपण त्यांच्याच रांगेत असतो. खंबाटकी घाटात एखादा ट्रक तापून आडवा झाला की मागच्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये चढावर उभ्या, आणि मग त्यांतल्याही दोन-चार तापतात. सुरूरला ही सगळी गर्दी उजवीकडे वळते आणि पुढचा साताऱ्यापर्यंतचा रस्ता एकदम रिकामा होतो. म्हणून शुक्रवारी रात्री जेवून निघावं, नाहीतर शनिवारी पहाटे साडेपाचच्या आत. परतताना हीच गोष्ट उलटी. रविवारी चारनंतर महाबळेश्वरची अख्खी गर्दी सुरूरला हमरस्त्यावर उतरते. दुपारी दोनच्या आत सुरूर ओलांडावं किंवा सरळ सोमवारी पहाटे निघावं. 'जेवण करून, थोडं पडून, चहा घेऊन निघतो' हा रविवारचा बेत म्हणजे रात्री अकराला घर.

रेल्वेनं जायचं तर एक लक्षात असू द्यावं, साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही. ते माहुलीला आहे, गावापासून पाच-सहा किलोमीटरवर. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस भल्या पहाटे सोडते. त्या वेळी मित्राला स्कूटर काढून बोलावणं ही मैत्रीची परीक्षा आहे, आणि ती उगाच घेऊ नये.

आता घर. छोट्या शहरातल्या घराचं स्वतःचं घड्याळ असतं आणि ते पाण्यावर चालतं. नळाला पाणी ठरलेल्या वेळी येतं, बहुतेक सकाळी. त्या तासाभरात घरातली माणसं पिंप, हंडा, टाकी यांच्यामागे असतात. त्याच वेळी न्हाणीघर अडवून बसणारा पाहुणा तोंडावर कुणाला खुपत नाही, पण लक्षात राहतो. गच्चीवर सौर बंब असेल तर त्यात गरम पाणी मोजकंच असतं. साधारण शंभर-सव्वाशे लिटरची टाकी, म्हणजे बादलीनं अंघोळ केली तर पाच-सहा माणसं, आणि शॉवर सोडून उभं राहिलं तर तीन. गच्चीपासून खालपर्यंतच्या नळीत रात्रभराचं गार पाणी साठलेलं असतं. पहिली अर्धी बादली गारच येते. ती ओतून न देता बाजूला ठेवावी, विसाणाला उपयोगी पडते. "पाणी गार येतंय हो" म्हणून ओरडणाऱ्या पाहुण्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं असतं.

दुसरं घड्याळ स्वयंपाकघराचं. निघण्याआधी फोनवर वहिनींना किंवा काकूंना जेवणांचा हिशेब स्पष्ट सांगावा: शुक्रवारी रात्री जेवून येतोय, शनिवारी दुपारी बाहेर, शनिवारी रात्री घरी, रविवारी सकाळी फक्त पोहे. आग्रह होणारच. पण आकडा आधी माहीत असला की भाकऱ्या मोजून होतात आणि सकाळी कुणाला शिळं खावं लागत नाही. 'काही करू नका, आम्ही बघू' हे सगळ्यांत वाईट वाक्य, कारण मग त्या घरात सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि आपण कुठेतरी मिसळ खाऊन येतो. शनिवारी कुणाचा उपास आहे का, तेही विचारून ठेवावं. सगळ्यांना घेऊन बाहेरचं एक जेवण मात्र आपल्या खिशातून, आणि बिलावरची झटापट टाळायची असेल तर हात धुवायला उठल्यासारखं करून आधीच देऊन यावं.

जाताना काय न्यावं? साताऱ्याला पेढे नेऊ नयेत. हसण्यावारी नेण्यासारखं वाटतं, पण लोक नेतात.

शनिवारची सकाळ मित्राच्या कामांची असते आणि ती तशीच राहू द्यावी. गिरणीत दळण टाकायचं असतं, वडिलांच्या साखरेच्या तपासणीचा रिपोर्ट आणायचा असतो, स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी असते. या फेऱ्यांत त्याच्या मागे बसून गाव जेवढं दिसतं तेवढं गाईड घेऊनही दिसत नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांच्या काळात वसलेलं हे गाव उतारावर आहे. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे जाणारे दोन मुख्य रस्ते जवळजवळ समांतर, एक वरचा, म्हणजे राजपथ, आणि दुसरा नुसता 'खालचा रस्ता'. पाटीवर काहीही नाव असो, सातारकर पत्ता सांगताना वर आणि खाली असंच सांगतो. हे एकदा डोक्यात बसलं की गावात चुकायला होत नाही, चढ लागला की किल्ल्याकडे, उतार लागला की हमरस्त्याकडे. दळण टाकून परत येईपर्यंत मित्र चार लोकांना हात करतो, दोघांशी थांबून बोलतो आणि "हा पुण्याचा आपला दोस्त" अशी ओळख करून देतो. ती ओळख पुढे उपयोगी पडते. मेणवलीचा वाडा उघडा आहे का, लिंबच्या रस्त्यावर काम निघालंय का, हे या चौघांतल्या एकाला पक्कं ठाऊक असतं.

फिरायचं तर दोन दिशा आहेत आणि त्यांतली एकच धरावी. उत्तरेला नदीच्या वरच्या अंगाला गेलं तर लिंब, वाई, मेणवली, धोम. पूर्वेला गेलं तर रहिमतपूरवरून औंध. दोन्हीकडची हवा वेगळी. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास, आणि हे दोन्ही एकाच जिल्ह्यात. पहिल्या खेपेला नदी धरावी.

रविवारी सकाळी सातला निघून पहिला थांबा लिंब. हमरस्त्यावरच्या लिंब फाट्याला वळून आत गेलं की ऊस सुरू होतो आणि उसाच्या मध्येच बारा मोटेची विहीर आहे. लांबून काही दिसत नाही, कारण जे काही आहे ते जमिनीच्या खाली आहे. शके 1641 ते 1646, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, आमराईला पाणी देण्यासाठी असं सांगतात. खोली 110 फूट, व्यास 50 फूट, आकार अष्टकोनी. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की आपण विहिरीत जातोय की वाड्यात, असा प्रश्न पडतो. विहिरीच्या पोटातच महाल आहे, भिंतींवर वाघ-सिंहांची शिल्पं आहेत आणि महालातून खाली पाहिलं की पाणी.

इथे आलेले लोक महालाचे फोटो काढतात आणि जातात. पण विहिरीचं नाव मोटेवरून पडलंय, म्हणून काठावर जाऊन मोटांच्या जागा बघाव्यात. मोट कशी चालायची हे माहीत असलेली माणसं आता कमी उरलीत. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली निमुळती सोंड. तिला दोन दोर. जाड दोर तो नाडा, तो मोटेच्या तोंडाला बांधलेला आणि वरच्या चाकावरून गेलेला. बारीक दोर तो सोंदूर, तो सोंडेला बांधलेला आणि खालच्या रुळावरून आलेला. दोन्ही बैलांच्या जुवाला. विहिरीपासून उतरता रस्ता काढलेला असतो, ती धाव. बैल धावेवरून उताराला चालले की मोट वर येते. मोट वर येईपर्यंत सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट चाकापाशी पोचली की सोंड खालच्या रुळावरून पुढे ओढली जाते, उलगडते, आणि पाणी भसकन थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात पडतं. तिथून पाटानं शेतात. मग बैल मागच्या पावलांनी धावेवर चढतात आणि रिकामी मोट खाली जाते. दोन दोरांच्या लांबीतला फरक चुकला तर सोंड अर्ध्या वाटेतच उलगडते आणि सगळं पाणी परत विहिरीत. एका मोटेला बैलांची एकच जोडी धरली तरी बारा मोटांना चोवीस बैल. काठावर उभं राहून चोवीस बैल, बारा मोटकरी आणि त्यांच्या गाण्यांचा कालवा डोळ्यांपुढे आणावा, मग खालचा महाल नुसता हौसेचा वाटत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी सगळ्यांत गार जागा तीच असणार.

दोन व्यावहारिक गोष्टी. विहीर खोल आहे आणि तोंड 50 फुटांचं, त्यामुळे ऊन पाण्यापर्यंत पोचायला सूर्य डोक्यावर यावा लागतो. सकाळी गारवा मिळतो, पण पाणी काळंच दिसतं. फोटो हवा असेल तर दुसऱ्या कुठल्या दिवशी बाराच्या सुमारास यावं. आणि साखर कारखान्यांचा हंगाम चालू असेल, साधारण नोव्हेंबर ते मार्च, तर या आतल्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाडी घालू नये. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर बाहेर आलेला ऊस, आणि मागच्या दिव्याचा पत्ता नाही. समोरच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांनी डोळे दिपलेले असतात आणि उभी ट्रॉली गाडीच्या नाकापाशी आल्यावर दिसते.

पुढे पाचवड फाट्यावरून आत वाई. साताऱ्याहून थेट आलं तर 35 किलोमीटर. वाईत गाडी गणपती घाटापर्यंत नेऊ नये, वळवायला जागा मिळत नाही. अलीकडेच लावून चालत जावं. ढोल्या गणपतीचं देऊळ 1762 साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलं. हे रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचं माहेर. मूर्ती एका दगडातली, अवाढव्य, म्हणून ढोल्या. दर्शन दोन मिनिटांत होतं. खरी बघण्यासारखी आहे ती देवळाची पाठ, आणि ती बघायला कुणी जात नाही. देवळाला वळसा घालून नदीच्या बाजूनं मागे यावं. मागची भिंत सरळ नाही. ती मधोमध निमुळती होत पुढे आली आहे, माशासारखी. देऊळ थेट नदीकाठावर, आणि वाईला कृष्णेचा पूर नवा नाही. सरळ भिंतीवर पुराचं पाणी येऊन आदळलं की सगळा दाब एकदम भिंतीवर येतो, वाहून आलेले ओंडके तिथेच अडकतात, त्यांच्यामागे आणखी पाणी तुंबतं. भिंतीला नाक काढलं की पाणी दुभंगतं आणि ओंडके कडेनं घसरून जातात. होडीचं तत्त्व, फक्त इथे होडी उभी आणि पाणी चालतं. हात लावून बघावं, त्या दगडांचे सांधे बोटाला जाणवतात न जाणवतात.

शेजारीच काशीविश्वेश्वर. तिथला नंदी सावकाश बघावा, त्याच्या गळ्यातल्या माळांपर्यंत दगड कोरलेला आहे. मग घाटाघाटानं चालत सुटावं. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, रामडोह, ब्राह्मणशाही, भीमकुंड, अशा वाईच्या आळ्या आणि त्यांचे घाट. माघ महिन्यापासून पुढे कृष्णाबाईचा उत्सव या घाटांवर पाळीनं होतो. त्या दिवसांत गेलं तर आपल्या यादीतलं बाकी सगळं रद्द करून एका घाटावर बसावं. मांडव, कीर्तन, आणि ज्या आळीची पाळी ती आळी यजमान.

वाई हे ज्ञानकोशांचंही गाव. प्राज्ञपाठशाळा इथली आणि मराठी विश्वकोशाचं काम इथूनच झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक. पहिला खंड 1976 चा. वीस खंडांचा तो व्याप मुंबई-पुण्यात न होता या नदीकाठच्या गावात झाला, हे वाईच्या गल्ल्यांतून हिंडताना पटतं. इथे दुपारी एक ते चार काहीच घडत नाही. दुकानांची फळ्यांची दारं अर्धी ओढलेली, देवळांचे गाभारे बंद, कुत्रीसुद्धा सावलीत. पाहुण्यांची मोठी चूक याच वेळात होते. अकरापर्यंत पाचगणीला टेबललँडवर वेळ घालवतात आणि मेणवलीला अडीचला पोचतात.

मेणवली वाईपासून तीनच किलोमीटर. सकाळी दहाच्या आसपास पोचावं. नाना फडणविसांचा वाडा सहा चौकांचा, आजही खासगी मालकीचा, म्हणून हक्कानं आत घुसू नये. आधी विचारावं, तिकीट असेल ते द्यावं, आणि बंद असेल तर हुज्जत घालू नये. वाड्याच्या मागच्या दारानं घाटावर उतरता येतं. घाट चंद्रकोरीसारखा. मेणवलीच्या दगडी पायऱ्या सिनेमात एवढ्या वेळा दिसल्यात की पहिल्यांदा जाणाऱ्यालाही ओळखीच्या वाटतात. पावसाळा सरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, खालच्या पाच-सहा पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि ते हिरवं न दिसता काळसर दिसतं, म्हणून फसायला होतं. अनवाणी उतरलं तर बोटं रोवता येतात, बुटांनी घसरतं. पोहायचं तर गावातल्या माणसाला विचारूनच, कारण नदीतले डोह वरून कळत नाहीत.

घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि शेजारी छोट्या दगडी घुमटीत टांगलेली घंटा. ही घंटा देवळाची नव्हे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधून घंटा आल्या आणि महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या देवळांत गेल्या. त्यांतली ही एक. जवळ जाऊन बघितलं तर अंगावर मरियम आणि बाळ येशू, आणि 1707 हे साल. ज्यानं ओतली त्यानं साल घालून ठेवलं म्हणून आज तिचा जन्म कळतो. वाजवायचा मोह होतो, तो आवरावा. एक तर ती जुनी आहे, आणि दुसरं म्हणजे आवाज अख्ख्या गावात जातो आणि गावानं तो दिवसातून पन्नास वेळा ऐकलेला असतो.

धोम तिथून आणखी पाच-सहा किलोमीटर, धरणाच्या खालच्या अंगाला. नृसिंहाचं देऊळ आणि सिद्धेश्वर. सिद्धेश्वरासमोर कमळाच्या आकाराचं कुंड, कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी भरलेलं असेल तर कासव पोहत नंदीला घेऊन चाललंय असं वाटतं. कोरडं असेल तर नुसतं शिल्प. म्हणून धोमची गंमत पावसाळ्यापासून पुढचे काही महिने. चैत्रात गेलो आणि काही वाटलं नाही अशी तक्रार करणाऱ्यानं पुन्हा श्रावणात जावं.

एवढं झालं की दीड वाजतो. परत फिरावं. धरणावरून पुढे जायचा, पसरणीचा घाट चढायचा मोह होईल, पण तिथे आपण पुन्हा महाबळेश्वरच्या रांगेत. कासचंही तसंच. फुलं ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत, त्या दिवसांत आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांना गाड्या लागतात. फुलं बघायचीच असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी वेगळी खेप करावी. मित्राच्या सुट्टीचे सहा तास घाटात गाडीच्या काचेतून घालवण्याइतकं कुठलंच फूल दुर्मीळ नाही, असं माझं मत. सातारकर मित्र स्वतः पाच वर्षांत कासला गेलेला नसतो, हेही लक्षात घ्यावं.

संध्याकाळ माहुलीची. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. अलीकडचं ते संगम माहुली, पैलतीरावरचं क्षेत्र माहुली. रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव हेच. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ 1735 साली श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलं. घाटावर आणि आसपास समाध्याच समाध्या, छत्रपतींच्या घराण्यातल्या. त्यांत एक कुत्र्याची, शाहू महाराजांच्या खंड्याची. वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं अशी कथा सांगतात. मराठ्यांचा छत्रपती आपल्या कुत्र्याला नदीकाठी समाधी देतो ही गोष्ट मला बखरीतल्या चार लढायांपेक्षा जास्त सांगून जाते. 1817 च्या ऑगस्टमध्ये दुसरा बाजीराव आणि जॉन माल्कम यांची भेट झाली ती याच माहुलीला. नोव्हेंबरात युद्ध सुरू झालं आणि पेशवाई बुडाली.

ज्यांना गाडीनं नाही, रेल्वेनं परतायचंय त्यांनी माहुली शेवटच्या सकाळसाठी ठेवावी, कारण स्टेशन इथेच. कोल्हापूरहून येणारी कोयना एक्स्प्रेस सकाळी उशिरा साताऱ्याला असते. दोन तास आधी घरून निघालं तर घाटावर तासभर बसून, रिक्षानं दहा मिनिटांत फलाटावर.

संध्याकाळी घाटावर बसल्यावर मित्र बोलायला लागतो. दिवसभर स्कूटरवर, विहिरीत, देवळात तो दुसरंच काहीतरी बोलत असतो, डावीकडे घे, इथं खड्डा आहे, पाणी पी. नोकरीतलं, वडिलांच्या आजारपणाचं, थोरल्याच्या बारावीचं तो इथे काढतो, तेही नदीकडे बघत. यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. तो शेवटचा पॉइंट करून येताना सापडत नाही.

नदीऐवजी रविवार औंधला द्यायचा असेल तर तो रहिमतपूरमार्गे साधारण 45 किलोमीटरचा रस्ता. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय तिथे आहे. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल हे शिल्प, खटाव तालुक्यातल्या एका डोंगराखाली. भवानराव स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे प्रचारक, आणि 1939 मध्ये आपली सत्ता गावपंचायतींकडे सोपवणारे संस्थानिक. संग्रहालयाला तीन तास लागतात, यमाईच्या डोंगराला एक. सोमवारी संग्रहालय बंद. पण हे सगळं नदीच्या दिवसावर चढवायचं नाही. औंधसाठी मित्राकडे पुन्हा जावं, तेवढंच निमित्त होतं.

निघायच्या आदल्या रात्री कंदी पेढे घ्यावेत, सकाळी दुकानांत उभं राहायला जागा नसते. कंदी म्हणजे खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची. चांगला पेढा मोडला की आत रवाळ दिसतो आणि बोटाला तूप लागतं. पांढुरका, मऊ, टाळ्याला चिकटणारा असेल तर तो मलई पेढा, तो चार दिवसांचा. कंदी आठवडाभर टिकतो, पण ताजे कोमट पेढे प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवले की आत घाम धरतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. कागदी खोक्यातच नेऊन घरी गार झाल्यावर डब्यात भरावेत. वाईची हळद आणि कोरेगावचा वाघ्या घेवडा बाजारातून घेता येतो. पण घेवड्याबद्दल आधी घरात विचारावं. बहुतेक घरांत शेतावरचा आलेला असतो, आणि विकत घेऊन आलात तर काकू रागावतात.

त्या रागावतात आणि मग स्टीलच्या डब्यात घेवडा भरून देतात. दुसऱ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, तिसऱ्यात गाडीत खायला दशम्या. "डबे परत द्यायची घाई नाही," असं सांगतात. याचा अर्थ डबे परत यायला हवेत असाच असतो. घरी गेल्यावर डबा घासताना उलटा करावा. बुडाला ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं, कुणी कुणाला कुठल्या लग्नात दिला ते, आणि खाली साल. असा डबा रिकामा पाठवत नाहीत, निदान मूठभर साखर तरी घालतात, आणि कुरियरनं तर मुळीच नाही.